पाणी गेलं कुठं?

(आकाशवाणीवरून दिलेल्या भाषणाचा संपादित भाग)



मी कविता लिहितो. शिक्षण बी.ए., तेही मराठी विषय घेऊन. तेव्हा विज्ञानावर भाषण द्यायला मला इथं कुणी बोलावलेलं नाही, आणि मीही तसा आव आणणार नाही. मी सांगणार आहे ती एका घरातली गोष्ट आहे. घर माझ्या मुलाचं, इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचं. त्या घराच्या दिवाणखान्यात एक छोटा समुद्र आहे आणि मागच्या खोलीत माझी नात झोपते. ही गोष्ट घडली तेव्हा ती पाच वर्षांची होती. त्या समुद्राचा आणि नातीच्या खोकल्याचा काही संबंध असेल, हे लक्षात यायला आम्हा चार मोठ्या माणसांना पुरा दीड महिना लागला.

डिसेंबर २०२२ मध्ये मी आणि माझी पत्नी तिकडे गेलो. त्या महिन्यात तिथं थंडीची लाट आली होती. पारा शून्याखाली. त्यात गॅस आणि वीज दोन्ही महागलेली. विजेचं एक युनिट सुमारे ३४ पेन्सला, म्हणजे आपले तीस-पस्तीस रुपये. मुलानं घरातली उष्णता २१ अंशांवरून १७ वर आणली होती. आम्ही घरात स्वेटर घालून बसायचो. ऊबदार होते ते फक्त टाकीतले मासे. त्यांना बारा महिने साडेपंचवीस अंश.

ही टाकी म्हणजे आपल्याकडच्या हॉटेलात असते तशी गोल्डफिशची पेटी नव्हे. चार फूट लांब काच, तिच्याखाली कपाटात दुसरी टाकी, दोन्ही मिळून साडेतीनशे लिटर खारं पाणी. पंप ते पाणी सतत खालीवर फिरवतात. आत दगड, आणि दगडांवर जिवंत पोवळी. मला आधी वाटलं, ही समुद्रातून तोडून आणली असतील. मुलगा म्हणाला, "नाही अब्बा, ही कलमं आहेत. एकाच्या टाकीत पोवळं वाढलं की त्याचा तुकडा कापून दगडावर चिकटवतात आणि दुसऱ्याला देतात." कलम हा शब्द माझ्यासाठी त्यानं खास कोकणातून काढला होता. आंब्याचं कलम मला कळतं, हे त्याला ठाऊक.

मुलाची नोकरी इस्पितळातल्या संगणकांची. तो पहाटे निघायचा. टाकीत आपोआप पाणी घालणारा छोटा पंप बिघडला होता, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. रोज सकाळी काचेवरच्या खुणेपर्यंत पाणी भरायचं. दिवसाला चार लिटर लागायचं, कधी साडेचार. पाणी गाळणयंत्रातून काढलेलं, गोडं. मुलानं पहिल्या दिवशी बजावलं, "अब्बा, मिठाचं पाणी घालू नका हां. उडतं ते नुसतं पाणी. मीठ आतच राहतं."

मी हसलो. हे मला सांगायची गरज नव्हती. माझे वडील उरणला एका मिठागरात हिशेबनीस होते. भरतीचं पाणी एका कप्प्यात घ्यायचं, काही दिवस तापू द्यायचं, मग पुढच्या कप्प्यात सोडायचं, तिथून त्याच्या पुढच्या. वडील पाण्यात काचेची एक नळी सोडत आणि तिच्यावरचे अंश वाचत. त्या मोजपट्टीवर समुद्राचं पाणी तीन-साडेतीन अंशांचं. ते पंचविसाच्या आसपास गेलं की मीठ धरायला लागतं. माझा मुलगा लंडनहून मागवलेल्या दुर्बिणीसारख्या नळीतून जे बघतो, ते हेच. त्याचं पाणी किलोला ३५ ग्रॅम क्षारांचं. आठवडाभर कुणी पाणी घातलं नाही, तर ते ३८ वर जाईल आणि पोवळी आक्रसतील. त्याच्या आजोबांना ते २५ अंशांवर न्यायचं होतं, याला ते जागच्या जागी ठेवायचंय. धंदा एकच, दिशा उलटी.

लहानपणी मी एकदा वडिलांना विचारलं होतं, "अब्बा, एवढं पाणी गेलं कुठं?" ते म्हणाले, "वर गेलं. पावसाळ्यात येईल परत." मिठागरावर उभं राहिल्यावर हे उत्तर पुरतं. वर आभाळ असतं, खाडीवरचा वारा असतो. पाणी उडालं की वारा ते घेऊन जातो.

बर्मिंगहॅमच्या घरात मी रोज चार लिटर पाणी ओतत होतो, आणि ते कुठं जातंय हा प्रश्न मला पडला नाही. मिठागराच्या हिशेबनिसाच्या मुलाला तो पडायला हवा होता.

नातीचा खोकला आम्ही गेलो तेव्हाच होता. रात्री वाढायचा. ती ज्या खोलीत झोपते ती घराच्या मागच्या अंगाला, मुख्य घरातून शेपटीसारखी बाहेर आलेली, तीन भिंती उघड्यावर. तिकडची जुनी विटांची चाळवजा घरं अशीच बांधलेली. एके दिवशी माझ्या पत्नीनं केर काढताना पलंग ओढला, तर मागच्या भिंतीवर कोपऱ्यापासून हातभर काळे ठिपके. बुरशी. हात लावला तर भिंत थंड आणि ओलसर. खिडकीच्या काचेवर सकाळी इतकं पाणी साचायचं की चौकटीवरून ओघळ यायचा, हे आम्ही रोज बघत होतो. इंग्लंडात असंच असतं, असं आम्ही समजत होतो.

डॉक्टरीणबाईंनीही तपासताना पहिला प्रश्न तोच विचारला: घरात ओल आहे का?

आता आपल्या घरांत काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. कारण शोधायच्या आधी माणूस शोधला जातो. मुलगा म्हणाला, कपडे रेडिएटरवर वाळत घालतात त्यामुळे. सून काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवसापासून भाताचं भांडं झाकून ठेवायला लागली. माझ्या पत्नीनं माझ्याकडे बघितलं. मी तिथंही बादली-तांब्यानं आंघोळ करणारा, आणि पाच वेळचं वजू. न्हाणीघराची जमीन माझ्यामुळे ओली राहते हे खरंच होतं. मी दोन दिवस चोरट्यासारखं फडक्यानं जमीन पुसत होतो.

त्याच सुमारास तिथल्या वर्तमानपत्रांत अवाब इशाकची बातमी वारंवार येत होती. मँचेस्टरजवळच्या रॉचडेलमधला दोन वर्षांचा मुलगा. आईवडील सुदानहून आलेले. भाड्याच्या घरात बुरशी होती. वडील २०१७ पासून तक्रार करत होते. डिसेंबर २०२० मध्ये मूल गेलं. घरातल्या बुरशीत दीर्घकाळ राहिल्यानं त्याचा श्वसनाचा विकार जिवावर बेतला, असा निष्कर्ष मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये दिला. घरमालक संस्थेनं नंतर कबूल केलं की या कुटुंबाच्या राहणीबद्दल आपण काही गोष्टी गृहीत धरल्या होत्या आणि ती चूक होती. त्या मुलाच्या नावानं पुढं २०२३ मध्ये कायदा झाला. त्यानुसार ऑक्टोबर २०२५ पासून सार्वजनिक भाड्याच्या घरांत धोकादायक ओल-बुरशीची दखल ठरावीक मुदतीत घेणं बंधनकारक झालं आहे.

मी ती बातमी वाचली आणि हातातलं फडकं खाली ठेवलं. म्हटलं, आपण आपल्याच घरात तेच करतोय. कोण कसं राहतो, यावरून पाण्याचा माग काढतोय. पाणी मोजू या ना.

रात्री जेवणानंतर मी मुलाला विचारलं, "मी रोज चार लिटर ओततो. ते जातं कुठं?"

तो म्हणाला, "उडून जातं."

"उडून कुठं?"

तो गप्प झाला. मग त्यानं कागद घेतला. बाप बी.ए. असला तरी मुलगा गणितात बरा आहे.

हिशेब असा. २० अंशांच्या हवेत, ती अगदी पूर्ण भरली तरी, एका घनमीटरला सुमारे १७ ग्रॅमच वाफ मावते. तो दिवाणखाना ४८ घनमीटरचा. म्हणजे अख्ख्या खोलीची हवा वाफेनं गच्च भरली तरी तीत लिटरभरही पाणी मावत नाही, आठशे ग्रॅमवर संपतं. आणि आम्ही तिच्यात रोज चार लिटर सोडत होतो. ते दाराखालून, जिन्यावरून घरभर फिरायचं, आणि जिथं सगळ्यात थंड जागा सापडेल तिथं बसायचं. पहाटे दव गवतावर पडतं, तसं. त्या घरातली सगळ्यात थंड जागा म्हणजे मागच्या खोलीची भिंत, पलंगाच्या पाठीमागची, जिथं हवा हलत नाही.

आम्ही गॅस वाचवला, त्यानं तर भरच घातली. घर १७ अंशांवर आणलं म्हणजे हवेची वाफ धरायची ताकद कमी झाली आणि भिंती आणखी गार झाल्या. टाकी मात्र साडेपंचवीसवरच. आजूबाजूची हवा गार असली तरी ऊन पाणी उडायचं थांबत नाही, ओल्या अंगाची वाफ हिवाळ्यात जास्त दिसते तशी. शिवाय एक लिटर पाणी उडायला पाऊण युनिटच्या थोडी खालीच उष्णता लागते. चार लिटरची पावणेतीन युनिटं झाली. ती टाकीच्या हीटरनं आणि पंपांनीच पुरवायची म्हटली, तर रोज जवळपास एक पाउंड नुसता पाणी हवेत पाठवायला. एवढा पैसा मोजून आम्ही भिंत ओली करत होतो.

सुनेची आणि माझी सुटका पूर्ण झाली असं मात्र नाही. चार माणसांचं कुटुंब श्वास, घाम, आंघोळ, स्वयंपाक, कपडे मिळून दिवसाला दहा लिटरच्या आसपास पाणी घरातल्या हवेत सोडतं. घरात वाळवलेल्या एकेका धुण्यातून दीड-दोन लिटर निघतं. म्हणजे आम्हीही त्यात होतोच. पण टाकी हे घरातलं एक जास्तीचं कुटुंब होतं, बिनबोभाट, चोवीस तास ओला श्वास सोडणारं. आणि खिडक्यांच्या वरच्या हवेच्या फटी थंडीमुळे आम्हीच सरकवून बंद केलेल्या.

एवढ्यावर गोष्ट संपली असती. पण त्या पाण्यानं आम्हाला आणखी एक चुगली सांगितली.

मुलाच्या टाकीत सामू मोजणारी कांडी कायम बुडवलेली असते. सामू म्हणजे पीएच, पाण्याची आम्लता-अल्कता. समुद्राच्या पृष्ठभागाचा तो आज साधारण ८.१ असतो. फोनवर त्याचा आलेख दिसतो. जानेवारीतल्या एका शनिवारी मुलानं ओळखीची कोकणी कुटुंबं जेवायला बोलावली. पंधरा-सोळा माणसं. जेवणं झाल्यावर मला कविता म्हणायला लावल्या. दारं-खिडक्या बंद, बाहेर बर्फ. दुसऱ्या दिवशी मुलानं आलेख दाखवला. संध्याकाळी सातपासून रेघ खाली घसरत गेलेली, मध्यरात्री ७.७ पर्यंत. मी म्हटलं, "माझ्या कवितांनी पाणी आंबट झालं." मुलगा म्हणाला, "कवितांनी नाही, दाद देणाऱ्यांनी."

आपण सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो आणि पाणी आम्लाकडे झुकतं. हवेतला हा वायू दुप्पट झाला, तर समुद्राच्या पाण्याचा सामू साधारण पाव अंशानं उतरतो. अंश छोटा वाटतो, पण ही मोजपट्टी फसवी आहे. त्यात तीन दशांश खाली म्हणजे आम्लता दुप्पट. अशा पाण्यात पोवळ्याला आपला चुन्याचा सांगाडा बांधणं जड जातं. मोठ्या समुद्रात हेच गेली दीड-दोनशे वर्षं सावकाश चाललं आहे. आमच्या दिवाणखान्यात ते एका संध्याकाळी झालं.

मुलानं मग हवेतला वायू मोजायचं छोटं यंत्र आणलं. बाहेरच्या हवेत दहा लाखांत सव्वाचारशे भाग असतो. नातीच्या बंद खोलीत पहाटे १६०० भाग निघाला. हे काही विष नव्हे, घाबरू नका. पण त्याचा अर्थ इतकाच की ती रात्रभर तीच ती हवा घेत होती, आणि त्या हवेत जे काही होतं, ओल, बुरशीची धूळ, तेही. पोवळ्यांसाठी म्हणून मुलगा तो आलेख गेली दोन वर्षं बघत होता. हिवाळ्यात रेघ खाली, उन्हाळ्यात खिडक्या उघडल्या की वर. पोवळ्यांना काय होतंय ते त्याला कळत होतं. त्याच हवेत मुलगी आहे, हे त्या आलेखात लिहिलेलं नव्हतं. मी त्याला बोललो नाही. तो स्वतःच बराच वेळ फोन हातात धरून बसला होता.

मग उपाय सुरू झाले. टाकीखालच्या कपाटाशेजारी भिंतीला भोक पाडून ओल वाढली की आपोआप चालू होणारा पंखा बसवला. तो ओली हवा बाहेर फेकतो. हिवाळ्यात बाहेरची हवा गार असली तरी घरात येऊन तापली की कोरडी ठरते, हे मला आधी पटत नव्हतं. खालच्या टाकीवर झाकण आलं. वरची उघडीच ठेवावी लागते, तिला प्रकाश आणि हवा लागते. पाण्यात बुडबुडे सोडून मळ काढणारं जे यंत्र असतं, त्याची हवेची नळी भिंतीतून बाहेर काढली, म्हणजे त्याला घरातला शिळा श्वास नको, रस्त्यावरची ताजी हवा मिळावी. खिडक्यांच्या फटी उघडल्या. पलंग भिंतीपासून वीतभर पुढं. कपडे न्हाणीघरात, दार लावून, पंखा चालू ठेवून. बुरशी मुलानं तोंडाला मास्क लावून धुऊन काढली. नात तेवढे दिवस आमच्याजवळ झोपली.

आणि चुना. हा उपाय मला फार आवडला. जे गोडं पाणी आपण रोज भरतो, त्यातच चुन्याची निवळी घालतात. लिटरभर पाण्यात दीड ग्रॅमच्या आसपास चुना विरघळतो, बाकीचा तळाला बसतो. वरचं स्वच्छ पाणी रात्री थेंब थेंब टाकीत सोडायचं. पोवळ्याला सांगाड्यासाठी चुना मिळतो आणि पाण्यातला कार्बन डायऑक्साइडही धरला जातो. शाळेत निवळीत नळीनं फुंकर मारली की ती दुधाळ व्हायची, आठवतं ना? तेच. उडालेल्या पाण्याची जागा चुनेरी पाण्यानं भरायची, म्हणजे उडण्याचाही थोडा उपयोग. मात्र एकदम ओतलं तर सगळी टाकी मरते, आणि डोळ्यांत गेलं तर डोळा जातो. मी पान खातो. चुना आयुष्यभर बोटावर घेतलेला माणूस. तरी मुलानं मला हातमोजे घालायला लावले.

एक गोष्ट मात्र आमच्या घरात होता होता राहिली, ती सांगायलाच हवी. एका दगडावर बटणांसारखी दिसणारी मऊ पोवळी होती, आणि त्यांच्यामध्ये शेवाळ माजलं होतं. माझी पत्नी स्वच्छतेची भोक्ती. ती म्हणाली, एवढा दगड काढून उकळत्या पाण्यात घातला की साफ. मुलगा जिन्यावरून ओरडत खाली आला. या जातीच्या काही पोवळ्यांत पॅलिटॉक्सिन नावाचं अतिशय जहाल विष असतं. दगड उकळला किंवा गरम पाण्यात घासला, तर ते वाफेबरोबर हवेत येतं. २०१८ मध्ये ऑक्सफर्डशरमधल्या स्टीव्हन्टन गावात टाकी साफ करताना असंच झालं. घरची माणसं आजारी पडलीच, मदतीला गेलेल्या कर्मचाऱ्यांनाही इस्पितळात न्यावं लागलं. ज्यांच्या घरी अशी टाकी आहे त्यांनी एवढं लक्षात ठेवावं: दगड उकळायचा नाही, वाफेनं धुवायचा नाही.

तुम्ही म्हणाल, हे सगळं विलायतेचं झालं. आपल्याकडे पोवळी २००१ मध्येच वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातली गेली. समुद्रातून ती काढणं हा गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे. पण खाऱ्या पाण्याचे मासे मुंबई-पुण्यात पुष्कळ जण पाळतात. आपला त्रास उलटा. मे महिन्यात पाणी तापतं म्हणून पृष्ठभागावर पंखे लावतात, पाणी उडतं आणि माठासारखी टाकी गार होते. जुलैत हवाच ओलीचिंब, पाणी उडायला जागा नाही, पंखा फिरतो पण टाकी तापलेलीच. मग खोलीला एसी, आणि दारं-खिडक्या गच्च बंद. भिंतीवरचा साधा एसी खोलीतलीच हवा फिरवतो, बाहेरची आणत नाही, हे किती जणांना ठाऊक असतं? मला तर साठीच्या उंबरठ्यावर कळलं. टाकी नसली तरी तीन माणसं आठ तास त्या खोलीत झोपलेली असतातच.

आम्ही मार्चमध्ये परतलो. नातीचा खोकला तोवर कमी झाला होता. पण तोवर थंडीही सरली होती. पुढच्या हिवाळ्यात ती दोनदा आजारी पडली, शाळेतल्या इतर मुलांसारखीच. श्रेय पंख्याला द्यायचं, फटींना द्यायचं की तिच्या वाढत्या वयाला, मला सांगता येणार नाही. भिंत कोरडी आहे, एवढं मी व्हिडिओवर बघितलं आहे.

पाणी भरायचा पंप दुरुस्त झाला, तरी मुलानं तो लावलेला नाही. ते काम आता नातीकडे आहे. आमच्याकडे आजोबांना दादा म्हणतात. ती दर रविवारी फोनवर मला आठवड्याचे आकडे वाचून दाखवते, आणि मी ते वडिलांच्या जुन्या हिशेबाच्या वहीच्या कोऱ्या पानांवर उतरवून घेतो. गेल्या रविवारी म्हणाली, "दादा, सोमवारी साडेतीन, मंगळवारी तीन, बुधवारी मी विसरले."